मोराच्या मानेचा निळा

काहीही विचारा, माझ्या शेजारचे हे गृहस्थ लगेच उत्तर देत नसत. मान तिरकी करीत, डावा डोळा बारीक करीत आणि म्हणत, "आपन काय सांगायचं? आच सांगंल."

यंदा पाऊस कसा आहे? आच सांगंल. लढाई कोण जिंकणार? आच सांगंल. माझ्या धाकट्या मेव्हण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा शेजारी म्हणून यांनाही सोबत नेलं होतं. मुलगी चहा ठेवून आत गेली. मी हळूच विचारलं, कशी वाटली? हे भर बैठकीत मोठ्यानं म्हणाले, "घाई करू नगा. आच सांगंल." मुलीकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. ते लग्न जमलं, पण मेव्हणा पुढं कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता.

एकच वाक्य जन्मभर चघळणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण यांच्या तोंडी ते नुसतं पालुपद नव्हतं, तो त्यांचा धंदा होता. ते उंची घड्याळांच्या झाकणांवर मीना चढवीत. खिशातली साखळीची घड्याळं, सोन्याची नाहीतर चांदीची, वर उघडझाप होणारं झाकण. त्या झाकणावर ते कोरणीनं फुलं, वेली, पोपट खोदत. खोदलेल्या खाचांत रंगीत काचेची ओली पूड भरत, ती वाळवत आणि झाकण भट्टीत घालत. काच वितळून धातूला अशी धरते की मग जन्मात सुटत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण गोम अशी की भरताना पुडीचा जो रंग दिसतो तो खरा नसतोच. हिरवा राखेसारखा दिसतो, लाल विटकरीसारखा. खरा रंग भट्टीतून बाहेर आल्यावर, झाकण निवल्यावर कळतो. म्हणजे कारागिरानं डोळ्यांपेक्षा आठवणीवर भरवसा ठेवायचा आणि बाकीचं आचेवर सोडायचं.

सांगलीला माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ते नवराबायको राहत. मूलबाळ नव्हतं. गावात त्यांना सगळे मीनेवाले म्हणत, मीही तेच म्हणायचो. गिऱ्हाईक घड्याळ माझ्याकडे आणायचं. मी यंत्र काढून काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवायचो आणि झाकण मागच्या दाराला जायचं. काम झालं की यंत्र पुन्हा बसवून किल्ली द्यायचो. गिऱ्हाईक घड्याळ कानाला लावायचं, पण बघत राहायचं झाकणाकडे. माझ्या मेहनतीकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. याचं मला वाईट वाटायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

स्वभाव तिखट. एकदा एका संस्थानातले सरदार घोड्यासारखे खूर आपटत आले. चांदीचं घड्याळ, त्यावर लालभडक कमळ पाहिजे. मीनेवाले म्हणाले, "चांदीवर लाल धरत न्हाई. काळपट पिवळं व्हतं." सरदार म्हणाले, आम्ही सांगतो तसं करा. "तुमी सांगाल वो, पर चांदीनं ऐकाय पायजे की. सोनं आना, न्हाईतर लाल इसरा." सरदार तरातरा निघून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पुढच्या आठवड्यात ते सोन्याचं घड्याळ घेऊन आले, आणि आल्याबरोबर मीनेवाल्यांनी त्यांना सुनावलं की कमळ नको, डाळिंबाचं फूल करू. तेच झालं. असा एककल्ली माणूस.

त्यांच्या अर्ध्या कामाला बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, हात असे. काचेचे खडे खलात कुटून, घोटून त्यांची पूड करायची, ती पाण्यात धुवायची, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायची. पाणी निवळशंख झाल्याशिवाय पूड भरायला द्यायच्या नाहीत, कारण जरा माती राहिली की रंग गढूळ होतो. वहिनी उंब्रजच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. अक्षरओळख नव्हती, पण रंगाची नजर अशी की रस्त्यापलीकडच्या टोपलीतली मेथी आजची की कालची ते इथून सांगायच्या. भट्टीतून निघालेलं प्रत्येक झाकण आधी त्यांच्या हातात जायचं. त्या दारातल्या उजेडात नेऊन बघायच्या आणि "बरं झालंय" किंवा "हिरवं जरा झोपलंय" असं काहीतरी म्हणायच्या. मीनेवाले वर गुरगुरायचे, पण ऐकायचे.

मग दुसरी मोठी लढाई आली. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे असतील त्यांना आठवत असेल, तेव्हा सगळ्याला लढाई जबाबदार होती. तांदळात खडे निघाले, लढाई. घासलेट मिळेना, लढाई. जावई रुसला तरी लढाईनं महागाई झाली म्हणून. मीन्याचे खडे परदेशातून यायचे ते बंद झाले. मुंबईहून कोणी काहीबाही पाठवायचं. मीनेवाले ते हातात धरून चडफडायचे. "भेसळ हाय सगळी. निळ्यात दमच न्हाई. बघा, बघा, कसा उतरलाय!" मला तो निळा चांगला निळा दिसायचा. पण मी पडलो चाकांचा माणूस. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं ना, मग झाकणावर मोर असो की म्हैस.

दम नाही म्हणून ते साध्या काचेच्या पुडीत निळी पूड जास्त मिसळायला लागले. आधी जरा, मग आणखी.

एके दिवशी दुपारी मी दुकानात एक स्प्रिंग बसवत होतो. मधे नुसती फळ्यांची भिंत, मागचं सगळं ऐकू यायचं. भट्टीतून झाकण निघालं असावं. वहिनींचा आवाज आला, "आवं, निळं लय झालंय. धुन्याच्या निळीगत दिसतंया."

"काय म्हनलीस?"

"न्हाई, म्हनलं मागल्या खेपंला बी मला तसंच वाटलं हुतं..."

"तू खल बघ! रंग मी बघतो! माझ्या बापानं ह्यात जन्म घालवला, मी घातला. आता तू मला निळा शिकीव!"

खल दगडावर जोरात आपटल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून वहिनींनी खल तेवढा बघितला. पुढं मीनेवाल्यांचा राग उतरला, ते आपणहून झाकण पुढं करायचे, "बघ गं." त्या हात पुसत म्हणायच्या, "मला काय कळतंया त्यातलं." आणि परत खलावर बसायच्या. बायकामाणसांचा राग भांडी आपटून निघतो असं म्हणतात. हा राग निघाला नाही, हा नुसता बसून राहिला.

त्याच वर्षात एक शिपाई आला. कोरेगावाजवळच्या खेड्यातला, रजेवर आलेला, अंगात खाकी, नवीनच फुटलेल्या मिशा. त्याच्या हातात वडलांचं चांदीचं घड्याळ. वडील आधीच्या लढाईत होते, तेव्हाचं ते. वडील आता नव्हते. घरी आई एकटी.

"माझ्या आयेच्या हातावं मोर गोंदल्याला हाय," तो मीनेवाल्यांना म्हणाला. "तसाच मोर ह्याच्यावं पायजे. पर रंग खऱ्या मोराचा. आय कायम म्हनती, गोंदनारनीनं मोर केला पर रंग द्यायचा इसारली."

त्यानं पेन्सिलीनं कागदावर मोर काढून आणला होता. मोर कसला, तुऱ्याची कोंबडीच ती. मी हसलो. मीनेवाले हसले नाहीत. त्यांनी त्याला बसवून घेतलं, पिसारा कुठं वळतो, पाय किती, चोच कुणीकडे, सगळं विचारलं. गोंदणातला मोर साधा असतो, रेघांचा. तो त्यांनी तसाच रेघांचा ठेवला. फक्त मान भरली निळी आणि पिसाऱ्यावरचे डोळे हिरवे. मी पाहिलेल्या त्यांच्या कामात त्याहून देखणी खोदाई नाही. रंगाचं मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

शिपाई घड्याळ घ्यायला आला तेव्हा लहान पोरासारखा खूश झाला. "लय झ्याक! आय येडी हुईल बघून." झाकण त्यानं कितीदा तरी उघडलं आणि मिटलं. मी ओरडलो, बिजागरी जाईल रं बाबा. तो गेला. वर्ष व्हायच्या आत कोरेगावच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं की तो ब्रह्मदेशात पडला. मीनेवाल्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कोरणी खाली ठेवली. मग आपलं सामान आवरून अवेळीच भट्टी विझवली.

लढाई संपेपर्यंत मीनेवाले उंबऱ्याला ठेचकाळायला लागले होते. दिव्याला उजेड नाही म्हणायचे, घासलेटात पाणी घालतात म्हणायचे. शेवटी एक दिवस वहिनी दुकानात आल्या. त्या कधी पुढल्या दारानं येत नसत. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भावजी, ह्यांला ताट आन भाकरी येगळी दिसंना. तुमी सांगा. माझं ऐकायचं न्हाईत."

मी मीनेवाल्यांना मिरजेला घेऊन गेलो. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले की तो एका दिवसात होत नाही, काही वर्षं हळूहळू पिवळा पडदा येत गेला असणार. मीनेवाल्यांनी ते ऐकलं, पण त्यांच्या लक्षात काही आलं नाही आणि माझ्याही नाही. तो पडदा एकाच रंगाला अडवतो, हे आम्हा दोघांना कोण सांगणार? ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना उताणं निजवलं होतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. असा भांडकुदळ माणूस, पण निमूट पडून राहिला.

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं या माणसानं?

"हे निळं लुगडं कवा घेतलंस?"

वहिनी म्हणाल्या, "आवं, कवाचं नेसतीया. तुमीच म्हनत हुता, काळं कशापायी नेसतीस म्हनून."

आम्ही सगळे हसलो. मीनेवालेही हसले. त्या दिवशी वहिनींनी शेवयाची खीर केली होती, मलाही वाटीभर आली. त्या घरात शेवटचं मोकळं हसू मी तेव्हा ऐकलं.

काही दिवसांनी ते दुकानात येऊन बसले. एका गुळाच्या व्यापाऱ्याचं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं, झाकणावर गोकर्णीच्या फुलांची वेल. मीनेवाल्यांनी ते उचललं, दारात नेलं, भिंगासमोर धरलं.

"हे कुनी केलंय?"

मला वाटलं, गंमत करताहेत. "ओळखा पाहू."

"कुनी का असंना, भट्टीपाशी फिरकू देऊ नगा त्याला. हे गोकर्नीचं फूल हाय व्हय? नीळ घातल्यालं धोतर हाय नुसतं!" आणि कारागीर कोण ते बघायला त्यांनी झाकण उघडलं. आतल्या बाजूला, कडेला, ते स्वतः प्रत्येक कामावर एक बारीक बेलाचं पान कोरत. ते तिथं होतं.

माझं हसू अजून तोंडावर होतं, ते तसंच राहिलं. मीनेवाले दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. झाकण पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचा चेहरा असा झाला की कोणाची तरी वाईट बातमी आली आहे असं बघणाऱ्याला वाटावं. मी म्हणालो, अहो, व्यापारी तर खूश आहे. ते म्हणाले, "व्यापाऱ्याला काय कळतंय?" मग जरा थांबून, "तिला कळलं हुतं."

ते मागं गेले. फळ्यांच्या भिंतीमुळं मला ऐकू आलंच.

"तू सांगितलं हुतंस न्हवं मला? निळं लय झालंय म्हनून?"

"कवा?" वहिनी म्हणाल्या. "मला न्हाई आठवत."

त्यांना चांगलं आठवत होतं. मला आठवत होतं, तर त्यांना आठवणार नाही?

त्या दिवसापासून या माणसाला एकच ध्यास लागला. पडदा डोळ्यांवर असताना हातून गेलेली जेवढी घड्याळं सापडतील तेवढी परत आणायची, निळा काढायचा आणि पुन्हा भरायचा. फुकट. मी समजावलं, कोणाची तक्रार नाही, कशाला उकरून काढता? ते म्हणाले, "मी मरंन, काच मरायची न्हाई. माझ्या पानाखाली ते ध्यान पन्नास वर्सं ऱ्हाईल." यंत्र काढायला मी लागणारच होतो, म्हणून मीही बरोबर निघालो. पेट्रोल तेव्हाही दुर्मीळ, काही मोटारी अजून कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं बंब लावलेला, चढ आला की उतारू खाली उतरून चालायचे. अशा मोटारीनं आम्ही साताऱ्याला गेलो.

साताऱ्याच्या वकिलांनी घड्याळ द्यायला साफ नकार दिला. "अहो, कोर्टात साक्षीदार याच्याकडे बघत बसतात आणि पढवलेलं विसरतात. हे घड्याळ माझा निम्मा धंदा चालवतं!" मीनेवाले हटेनात. पायरीवरच बसले. शेवटी वकीलसाहेबांच्या मातोश्री बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दे रे बाबा, म्हातारा उन्हात बसलाय. घड्याळ मिळालं.

घरी आल्यावर तेजाबात झाकण टाकून जुना मीना काढला. वहिनींनी खल घेतला. भट्टीतून झाकण निघालं, निवलं. मीनेवाल्यांनी ते स्वतः न बघता बायकोपुढं धरलं. "बघ गं."

"मला काय कळतंया," वहिनी म्हणाल्या. रागानं नव्हे. ते दार त्यांनी एकदा लावलं होतं, आणि आता त्यांना ते उघडताच येत नव्हतं असं मला वाटतं. मीनेवाले झाकण धरून तसेच उभे राहिले. निळा सुरेख आला होता, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. जुना निळा असलेल्या घड्याळाशेजारी ठेवलं की फरक डोळ्यांत भरायचा. पण ते ज्यांच्या तोंडून ऐकायचं होतं त्यांनी ते म्हटलं नाही.

आणखी काही घड्याळं आली, काही आली नाहीत. मीनेवाले वाळत चालले. खोकला लागला. डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला सांगितलं, त्यावर काय उत्तर मिळालं ते तुम्ही ओळखाल. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मोर ऱ्हायलाय. त्या पोराचा मोर."

उन्हाळ्यात आम्ही तिघं निघालो. वहिनी या खेपेला हट्टानं बरोबर आल्या, कारण नवऱ्याला एकट्याला सोडायची त्यांची तयारी नव्हती. कोरेगावला उतरून बैलगाडीनं त्या खेड्यात पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. शिपायाची आई अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. उन्हानं रापलेली, काटक बाई. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं आधी गूळपाणी दिलं. तांब्या पुढं करताना हातावरचा मोर दिसला, हिरवट, विटलेला, कातडीबरोबर सुरकुतलेला. मीनेवाले त्याच्याकडेच बघत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्यांत पडदा होता, रंग चुकला, पोरानं खऱ्या मोराचा निळा मागितला होता आणि मी दिला धुण्याच्या निळीचा. घड्याळ द्या, आठ दिवसांत नीट करून आणून देतो.

बाईनं कमरेचा बटवा सोडला. पानतंबाखूच्या खालून घड्याळ काढलं. झाकणावर चुन्याचे डाग. पदरानं ते पुसून तिनं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते भिंगासमोर धरलं आणि मोराच्या मानेवर नख टेकवलं. निळा खरंच फार होता. आता मलाही दिसला.

"दावलं," बाई म्हणाली आणि हात पुढं केला. "आता द्या माघारी."

"आवं, पर मी काय सांगतोय..."

"ऐकलं की. चुकला असंल रंग. ऱ्हाऊ द्या चुकल्याला."

मीनेवाल्यांचा जुना तिखटपणा उसळला. "माझी खूण हाय त्याच्यावं!"

"आन माझ्या पोराचं बोट हाय त्याच्यावं," बाई शांतपणे म्हणाली. "चुलीम्होरं बसून दावला त्यानं मला. म्हनला, आये, बघ, आता रंग भरला. आन जाताना माझ्यापाशीच ठिवून गेला. तुमी दुसरा कराल त्यो बेस असंल, दादा. पर त्यो माझ्या पोरानं बघितल्याला नसंल."

मीनेवाल्यांनी घड्याळ परत दिलं, पण हात लगेच मागं घेतला नाही. बाईलाच ते त्यांच्या बोटांतून सोडवून घ्यावं लागलं. वहिनी मान खाली घालून शेंगा सोलायला बसल्या होत्या, कोणी सांगितलं नसताना.

परतीच्या वाटेवर मला त्या बाईचा राग आला होता, हे लपवत नाही. एवढा आजारी माणूस उन्हातान्हात आला, द्यायला काय जात होतं? मी तसं म्हणालोही. मीनेवाले म्हणाले, "तिचं बराबर हाय." कोरेगावला गाडीतून उतरताना वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक दिसाय लागली आन फिटंना झाली. त्यापरीस आंधळा बरा हुतो."

वहिनी म्हणाल्या, "असं बोलू नगा."

त्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही. खडे, कोरण्या, चिमटे सगळं पुसून एका पेटीत ठेवलं. दुकानात येऊन बसायचे, पण कोणी काही विचारलं की नुसते हसायचे. त्यांचं ते नेहमीचं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम काहीबाही विचारायचो. मिळालं नाही. थंडी पडली, खोकला वाढला आणि ते गेले. भट्टीची खोली इतकी गार मी कधी पाहिली नव्हती. वहिनी तिथंच खल पुढ्यात घेऊन बसायच्या. कुटायला काही नसायचं.

संक्रांत होऊन गेली होती. दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. पायांवर धूळ, डोईवर पदर घट्ट. हातावरचा मोर दिसला तेव्हा मी ओळखलं.

"मीनेवालं कुठं बसत्यात?" तिनं विचारलं. "म्हातारा मानूस उनातनं माझ्या दारी आला आन मी रिकामा लावून दिला. तवापास्नं जिवाला चैन न्हाई. माझ्या पोराला आवडलं नसतं ते. म्हनावं, घ्या, करा तुमच्या मनासारखा." आणि तिनं बटव्यात हात घातला.

मी हातातला चिमटा खाली ठेवला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती तिथंच, रस्त्यात, खाली बसली.

मी तिला मागं नेलं. वहिनींनी तिला ओळखलं, पाणी दिलं. बाई म्हणाली, "मी उशीर केला गं, बया." आणि घड्याळ त्यांच्यापुढं धरलं. वहिनींनी पदराला हात पुसले. घड्याळ घेऊन त्या दारातल्या उजेडात गेल्या, पूर्वी जात तशा. झाकण कलतं धरलं, वळवलं. कितीतरी वर्षांनी त्या रंगाकडे बघत होत्या. त्या आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला तो माणूस नव्हता.

वहिनींनी मोराच्या मानेवरून अंगठा फिरवला.

"ऱ्हाऊ द्या आक्का, असाच," त्या म्हणाल्या. "त्या साली ह्यांला मोर असाच दिसत हुता."

बाईनं घड्याळ लगेच बटव्यात घातलं नाही. दोघी उंबऱ्यावर बसल्या, घड्याळ मधे ठेवून. मी दुकानात परत आलो.